ती गोळी आधी सिस्टरच्या हातात द्या

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आवरून:

"आईचं वय 68. 14 वर्षांपासून डायबेटिस आहे, दम्याचा त्रासही जुनाच. गेल्या आठवड्यात न्यूमोनिया झाला म्हणून तिला दाखल केलं. आधी आयसीयूत होती, आता वॉर्डमध्ये आहे. घरी ती मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डॅपाग्लिफ्लोझिन घ्यायची. सकाळची उपाशीपोटी शुगर 115-125 असायची, तीन महिन्यांपूर्वीचं एचबीए1सी 7.4 होतं. इथे आल्या आल्या शुगर 310 निघाली. सगळ्या गोळ्या बंद केल्या आणि चार वेळा इन्सुलिन सुरू केलं. दम्यासाठी सकाळी स्टेरॉइडची गोळीही आहे. आकडे 160 ते 240 मध्ये फिरताहेत आणि डॉक्टर म्हणतात, 'सध्या 170 असली तरी चालेल.' परवा रात्री खोकल्यामुळे ती धड जेवली नाही. दहा वाजता शुगर 228 होती म्हणून इन्सुलिनचा वरचा डोस दिला. पहाटे साडेतीनला घामाने भिजली आणि काहीबाही बोलायला लागली. तपासली तर 61. तेव्हापासून भाऊ भडकलाय. घरी 120 असणारी शुगर इथे 240 होते म्हणजे कोणाचंच लक्ष नाही, असं त्याचं म्हणणं. ग्लिमेपिराइडची स्ट्रिप त्याने खिशात आणून ठेवली आहे, सकाळी गुपचूप एक गोळी देऊ म्हणतो. मी कसंबसं थांबवून ठेवलंय. आम्ही करावं काय? आणि हे इन्सुलिन आता जन्माचं मागे लागलं का?"

ताई,

तुमच्या बाकीच्या प्रश्नांना दोन दिवस उशीर झाला तरी बिघडणार नाही. त्या स्ट्रिपचं मात्र आजच करा.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. समोर शुगर किती आहे, पोटात अन्न आहे की नाही, याची ती फारशी पर्वा करत नाही. घरी जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात, बाहेरून इन्सुलिन नसतं, तिथे ती निमूट काम करते. वॉर्डमध्ये आईंना इन्सुलिनची इंजेक्शनं चालू आहेत, जेवण कधी पूर्ण तर कधी दोन घास, आणि मोठ्या संसर्गात किडनीचं काम मंदावलेलं असू शकतं. किडनी मंदावली की ही गोळीही शरीरात जास्त काळ रेंगाळते आणि इन्सुलिनही. अशा वेळी एक गोळी पडली तर शुगर उतरेल यात शंका नाही. ती कुठे जाऊन थांबेल हे मात्र कोणी सांगू शकणार नाही. शिवाय या गोळीने उतरलेली शुगर एकदा ग्लुकोज देऊन सावरत नाही. वर येते, सगळे सुस्कारा सोडतात, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा खाली. कधीकधी हा खेळ दिवसभर किंवा त्याहून जास्त चालतो.

आणि हे सगळं चालू असताना डॉक्टरांना गोळीचा पत्ताच नसेल. ते इन्सुलिन कमी करतील, आई गुंगीत दिसल्या तर मेंदूचा स्कॅन करायला धावतील, किडनीच्या तपासण्या मागवतील. चार्टवर नसलेलं औषध असं सगळ्यांना चुकीच्या दिशेने पळवतं.

तेव्हा स्ट्रिप सिस्टरच्या हातात द्या आणि सांगा, "ही घरून आणली होती, दिलेली नाही." तुम्ही घरी गेलेल्या असताना भावाने एखादी दिली असेल, तर तेही सांगा: कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, किती वाजता. बोलणी बसली तर ऐकून घ्या. त्या एका वाक्यामुळे पुढचे 24 तास आईंची शुगर जास्त वेळा तपासली जाईल, आणि आपल्याला तेच हवं आहे.

आता भावाच्या हिशेबाकडे येऊ. राग समजतो, पण हिशेब चुकलेला आहे. घरचे 120 हा सकाळचा, उपाशीपोटीचा आकडा. दुपारी जेवणानंतर किती, रात्री झोपताना किती, हे घरी कोणी बघत नव्हतं. एचबीए1सी मात्र दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, आणि 7.4 म्हणजे दिवसरात्रीची सरासरी साधारण 166. म्हणजे आजारी नसतानाही आईंची शुगर दिवसातून बऱ्याचदा 180-200 ला शिवून येत असणार. वॉर्डमध्ये जेवणाआधी आणि झोपताना, असं चार वेळा बोट टोचतात, म्हणून ते चढउतार पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. 166 ची बाई 200 ला गेली, एवढाच खरा फरक आहे. न्यूमोनिया आणि स्टेरॉइड एकदम अंगावर असताना तो मला तरी धक्कादायक वाटत नाही.

आजारपणात शुगर चढते ती खाण्यापिण्याने नाही. संसर्ग झाला की शरीर कॉर्टिसोल, अ‍ॅड्रिनॅलिन, ग्लुकागॉन अशी संकटकाळची संप्रेरकं सोडतं. यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात ओतायला लागतं, नवं तयारही करतं, आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. म्हणून काही न खाल्लेल्या माणसाची शुगरही सकाळी 250 निघू शकते. ज्यांना कधीच डायबेटिस नव्हता अशांचीही गंभीर आजारात चढते. त्यावर स्टेरॉइड. सकाळी घेतलेली प्रेडनिसोलोनसारखी गोळी दुपारपासून संध्याकाळपर्यंत शुगर वर नेते आणि रात्री तिचा जोर ओसरतो. आईंचे आकडे एकदा वेळेनुसार मांडून बघा. बहुतेक 240 दुपारी-संध्याकाळी आणि 160 सकाळी असतील. हा नमुना डॉक्टरांना दाखवण्यासारखा आहे, कारण अशा वेळी दुपारच्या जेवणाचं इन्सुलिन वाढवायचं असतं. रात्रीचं वाढवलं तर पहाटे घोटाळा होतो. दम्याच्या वाफेतलं साल्ब्युटामॉलही थोडी भर घालतं. सलाईन ग्लुकोजचं असेल तर तेही मोजायला हवं: 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं.

मग डॉक्टर 170 वर समाधान का मानतात? हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो, आणि सुरात थोडा संशय असतोच. एके काळी डॉक्टरही तुमच्या भावासारखाच विचार करत होते. 2001 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या आयसीयू रुग्णांची शुगर 80 ते 110 इतकी घट्ट ठेवली, तेव्हा मृत्यू कमी झाले. मग जगभरच्या आयसीयूंनी तोच आकडा धरला. पुढे 'नाइस-शुगर' नावाचा खूप मोठा अभ्यास झाला, सहा हजारांवर रुग्णांचा, आणि 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एका गटाची शुगर 81 ते 108 मध्ये ठेवली, दुसऱ्याची 180 च्या आत. 90 दिवसांत घट्ट शुगरवाल्या गटातले 27.5 टक्के रुग्ण दगावले, सैल गटातले 24.9 टक्के. शुगर 40 किंवा त्याहून खाली जाण्याचे प्रकार घट्ट गटात 6.8 टक्के, सैल गटात 0.5 टक्के. म्हणजे सुंदर आकड्याचा हट्ट जिवावर बेतत होता.

तेव्हापासून दाखल असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी 140 ते 180 हे लक्ष्य मानलं जातं. आयसीयूबाहेर, शुगर फार खाली न जाता साधत असेल तर 100 पर्यंतही चालतं. शुगर लागोपाठ 180 च्या वर राहायला लागली की इन्सुलिन सुरू करायचं किंवा वाढवायचं. हा 180 चा आकडाही हवेतून आलेला नाही. साधारण त्याच पातळीच्या वर किडनी साखर अडवू शकत नाही, ती लघवीवाटे जायला लागते, जाताना पाणी आणि क्षार घेऊन जाते, आणि आधीच तापलेला रुग्ण आणखी सुकतो. शुगर बराच काळ 200 च्या बरीच वर राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही सुस्तावतात. त्यामुळे 170 ला डॉक्टर "चालेल" म्हणाले ते बरोबर आहे. 240 ला रोजच "चालेल" म्हणत असतील तर मात्र विचारा. तो प्रश्न तुमच्या हक्काचा आहे.

ग्लुकोमीटरबद्दलही सांगते, कारण भाऊ 168 ला हसत असतील आणि 182 ला चिडत असतील. चांगल्या मीटरलाही प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा 15 टक्के इकडेतिकडे चालतं. 168 आणि 182 हा तुमच्या-माझ्यासाठी एकच आकडा. रक्त कमी असेल, रक्तदाब फार खाली असेल, तर मीटर आणखी चुकतं. बोटाला गोड काही लागलेलं असेल तर ते सरळ खोटं बोलतं. पुढच्या वेळी अचानक 350 दिसली तर डोस द्यायच्या आधी हात धुऊन, कोरडा करून, दुसऱ्या बोटाचं रक्त बघायला सांगा. ज्या हाताला ग्लुकोजचं सलाईन लावलंय त्याच हातातून प्रयोगशाळेसाठी रक्त काढलं तर 500 सुद्धा येऊ शकते आणि सगळा वॉर्ड हादरतो.

बाकीच्या दोन गोळ्या का थांबवल्या, तेही. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, पण रक्तात ऑक्सिजन कमी असताना, संसर्ग पसरलेला असताना किंवा किडनी अचानक बिघडलेली असताना त्यामुळे शरीरात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो. न्यूमोनियात यातल्या एकदोन गोष्टी तरी असतातच. किडनी कमजोर असेल आणि रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करायचा असेल तरी ते थांबवतात. डॅपाग्लिफ्लोझिनचा प्रकार जास्त फसवा आहे. ती लघवीवाटे साखर बाहेर काढते, त्यामुळे शुगर बरी दिसते. पण आजारी आणि उपाशी माणसात आतल्या आत कीटोन नावाची आम्लं तयार होऊन रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, तेही शुगर 200 च्या खाली असताना. मळमळ, उलटी, पोटदुखी, जोरजोरात श्वास. न्यूमोनियाच्या रुग्णात तो श्वास कोणाच्या नजरेत भरणार? म्हणून दाखल होताच ती थांबवणं शहाणपणाचं. ठरलेली मोठी शस्त्रक्रिया असेल तर या वर्गातल्या गोळ्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, हे इतर वाचकांनीही लक्षात ठेवावं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आठवून उपयोग नाही.

उरतं इन्सुलिन. वॉर्डमध्ये तेच सोयीचं, कारण ते दर काही तासांनी कमीजास्त करता येतं. चार इंजेक्शनं म्हणजे बहुधा तीन जेवणांची तीन आणि दिवसातून एकदाचं लांब पल्ल्याचं एक, ग्लार्गिनसारखं. लांब पल्ल्याचं इन्सुलिन यकृत जे ग्लुकोज सतत सोडत असतं त्याला आवरतं. जेवणाचं इन्सुलिन त्या जेवणापुरतं. आणि तिसरा भाग दुरुस्तीचा: जेवणाआधीची शुगर जास्त निघाली तर दोन-चार युनिट वर. काही ठिकाणी अजून फक्त हा तिसरा भागच चालवतात, 'स्लायडिंग स्केल' म्हणून: 200 च्या वर इतके युनिट, 250 च्या वर इतके, आणि त्याखाली काहीच नाही. पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडण्यासारखं आहे ते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रॅबिट 2' अभ्यासात वॉर्डमधल्या टाइप 2 रुग्णांत दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या होत्या. लांब पल्ल्याचं अधिक जेवणाचं इन्सुलिन घेणाऱ्या 66 टक्के रुग्णांची शुगर 140 च्या खाली आली, निव्वळ स्लायडिंग स्केलवर 38 टक्क्यांचीच. आईंना चार वेळा मिळतंय, म्हणजे पद्धत योग्य दिसते. डोस अजून बसायचा आहे.

(ज्यांच्या घरी टाइप 1 चा रुग्ण आहे त्यांच्यासाठी वेगळी सूचना: उपाशी ठेवलं असलं, उलट्या होत असल्या, तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण बंद होता कामा नये. नव्या ड्यूटीवर आलेल्या डॉक्टरांना 'टाइप 1 आहे' हे तुम्ही स्वतः सांगा. केसपेपरवर नुसतं 'डायबेटिस' लिहिलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे.)

आता ती पहाट. निष्काळजीपणा होता का, हा निवाडा पत्रावरून मी देणार नाही. पण काय घडलं असेल ते तुमच्याच पत्रात आहे. आईंनी जेवण टाकलं, पण जेवणाचं इन्सुलिन बहुधा पूर्ण गेलेलं होतं. साधं रेग्युलर इन्सुलिन असेल तर त्याचा असर सहा-आठ तास टिकतो. ते अंगात असतानाच दहा वाजता 228 दिसली आणि वर आणखी डोस पडला. दोन डोस एकावर एक चढले. मध्यरात्रीनंतर सकाळच्या स्टेरॉइडचा जोर उतरला, आणि लांब पल्ल्याचं इन्सुलिन खाली चालू होतंच. साडेतीनपर्यंत 61 होणं यात नवल नाही. म्हणूनच झोपतानाच्या दुरुस्तीच्या डोसाला हात आखडता घ्यावा, असं सांगतात.

खरी परीक्षा त्यानंतरच्या सकाळची असते. 70 च्या खाली एकदा जरी आकडा गेला तरी त्याच दिवशी डोसांचा फेरविचार व्हायला हवा. राऊंडला विचारा, "परवा 61 झाली होती, त्यानंतर रात्रीच्या डोसात काय बदललं?" उत्तर ठोस मिळालं तर भावालाही ऐकवा. त्यांचा निम्मा राग तिथेच उतरेल. आणखी एक बघा. शुगर उतरल्याच्या भीतीने कधीकधी पुढची सगळीच इंजेक्शनं टाळली जातात, मग दुपारी 320, मग घाबरून जास्त डोस, मग पुन्हा खाली. डोस कमी करणं आणि बंद करणं यात फरक आहे.

61 हा आकडा फार खोल नाही. 54 च्या खाली गेल्यावर जास्त गंभीर मानतात. पण आई असंबद्ध बोलायला लागल्या म्हणजे मेंदूला झळ पोचली होती. तुम्ही जाग्या होतात आणि तपासायला लावलंत, हे फार बरं झालं. वयस्कर माणसांत घाम आणि थरथर दिसेलच असं नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर, बीटा ब्लॉकर वर्गातल्या, थरथर आणि धडधड तर विशेष झाकली जाते. नुसती चिडचिड, अंथरुण चाचपत राहणं, हाक मारली तरी उशिरा ओ देणं, एवढंच दिसतं आणि 'दमल्यात, झोपू दे' म्हणून सोडलं जातं. असं काही वाटलं की वेळ न बघता सिस्टरना बोलवा आणि बोट टोचायला लावा. शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून. 15 मिनिटांनी परत तपासायचं, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. गुंगीत असतील तर तोंडात काहीही घालू नका, आधीच आजारी असलेल्या फुफ्फुसात जाईल. तेव्हा शिरेतून डेक्स्ट्रोज देतात.

तुम्ही उशाशी बसून काय करू शकता, असं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्र वाचताना मला तेच सारखं वाटत होतं. वॉर्डमधली शुगर बिघडते ती बहुतेक वेळा जेवण आणि इन्सुलिनची चुकामूक झाल्यामुळे. इन्सुलिन दिलं साडेबाराला, ताट आलं दीडला. किंवा ताट आलं, जेवण झालं, आणि सिस्टर दुसऱ्या रुग्णाकडे अडकल्या. किंवा इन्सुलिन दिल्यावर निरोप आला, "सोनोग्राफीला न्यायचंय, काही खाऊ देऊ नका." एका सिस्टरकडे पुष्कळ रुग्ण असतात, हे दुवे जोडायला त्यांना प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. तुमच्याकडे मात्र एकच रुग्ण आहे. ताट समोर दिसलं की "इन्सुलिन देताय ना?" आणि इन्सुलिन द्यायला आल्या की "जेवण अजून आलं नाही," एवढं बोलायचं. रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, अ‍ॅस्पार्ट-लिस्प्रोसारखं जलद इन्सुलिन अगदी ताटावर बसताना. खोकल्यामुळे आई किती जेवतील याचा भरवसा नसेल, तर जलद इन्सुलिन जेवण झाल्याबरोबर, जेवढं खाल्लं तेवढ्या बेताने देता येतं का, हे डॉक्टरांना विचारा. माझ्या मते आईंच्या बाबतीत ही एक गोष्ट इतर सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगाची ठरेल. आणि ताट अर्धं परत गेलं तर ते कोणाला तरी सांगा. परवा रात्री तेवढं कळलं असतं तर दहाचा डोस कदाचित वेगळा पडला असता.

घरून काही खायला आणत असाल तर आणा, पण लपवू नका. भेटायला आलेल्यांनी चार वाजता काहीतरी भरवलेलं असतं आणि सात वाजताच्या शुगरवर इन्सुलिन वाढवलं जातं. दुसऱ्या दिवशी पाहुणे येत नाहीत, इन्सुलिन मात्र वाढलेलंच राहतं.

शेवटचा प्रश्न, इन्सुलिन जन्माचं का? आईंचं एचबीए1सी 7.4 होतं. म्हणजे आजारापूर्वी गोळ्या बऱ्यापैकी काम करत होत्या. संसर्ग गेला, स्टेरॉइड थांबलं, जेवण सुरळीत झालं की बहुतेक त्या गोळ्यांवर परततील. एचबीए1सी 9 किंवा 10 असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. तेव्हा घरीही इन्सुलिन चालू ठेवणं बरं असतं. (मध्ये रक्त चढवलं असेल तर नवं एचबीए1सी करून उपयोग नाही, ते चुकीचं येतं.) तिन्ही गोळ्या एकाच दिवशी सुरू होतील असंही नाही. मेटफॉर्मिन किडनीचा रिपोर्ट बघून. डॅपाग्लिफ्लोझिन जेवणपाणी नीट व्हायला लागल्यावर. ग्लिमेपिराइड पूर्वीच्याच डोसात द्यायचं की कमी करायचं, की वेगळी गोळी निवडायची, हे 68 व्या वर्षी आणि हा प्रसंग घडून गेल्यावर डॉक्टरांशी मुद्दाम बोला. आणि पुढे कधी घरी ताप, उलट्या, जेवण बंद असं झालं तर मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालू ठेवायची की थांबवायची, हेही आत्ताच लिहून घ्या.

काही दिवस इन्सुलिन घेऊन घरी जावं लागेल, अशी शक्यता आहे, कारण दम्यासाठी स्टेरॉइड बहुधा आणखी काही दिवस चालेल. डिस्चार्जच्या दिवशी बिल, रिपोर्ट, गाडी या गडबडीत इन्सुलिन दोन मिनिटांत समजावतात आणि घरी आल्यावर कोणालाच काही आठवत नाही. आदल्या दिवशीच सिस्टरसमोर भावाला स्वतःच्या हाताने एक डोस भरायला आणि टोचायला लावा. त्यांच्या काळजीला हातात काहीतरी काम मिळेल. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का बघा: एका मिलीत 40 युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, 100 युनिटवालीला नारिंगी. 100 ची बाटली आणि 40 ची सिरिंज अशी गाठ पडली तर अडीचपट इन्सुलिन जातं.

स्टेरॉइड कमी करायचं वेळापत्रक देतील, त्याच्या शेजारी इन्सुलिन किती कमी करायचं हेही लिहून मागा. बहुतेक कागदांवर पहिलं असतं आणि दुसरं नसतं. स्टेरॉइडची गोळी 40 वरून 20 मिलिग्रॅमवर आली आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर परवासारखी पहाट घरी उजाडू शकते, आणि तिथे बेल वाजवली तर सिस्टर येणार नाहीत. पहिला आठवडाभर जेवणाआधी आणि झोपताना शुगर तपासा, आठ-पंधरा दिवसांत दाखवायला जा. त्याआधीच सकाळची शुगर 100 च्या खाली यायला लागली, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करून डोस कमी करून घ्या.